डॉ. रघुवीर : इंग्रजी शब्दांच्या घटकांचा मागोवा घेणारा कोशकार

संसदेत एखादा कायद्याचा मसुदा मांडला जातो तेव्हा हिंदी आणि मराठी वार्तापत्रांत त्याला विधेयक म्हटले जाते. ते मंजूर करणाऱ्या सभेला विधिमंडळ म्हणतात आणि ज्या मूळ कायद्याच्या चौकटीत ते बसावे लागते त्याला संविधान. हे तिन्ही शब्द आज इतके अंगवळणी पडले आहेत की ते एकाच घराण्यातले आहेत याकडे सहसा लक्ष जात नाही. इंग्रजीत मात्र बिल, लेजिस्लेचर आणि कॉन्स्टिट्यूशन या तीन शब्दांत अक्षरांचे कोणतेच नाते दिसत नाही. शब्दांची अशी घराणी शोधणे, इंग्रजीतील कोणता अक्षरसमूह किती शब्दांत येतो आणि प्रत्येक ठिकाणी कोणता अर्थ घेऊन येतो हे तपासणे आणि त्याच्या जोडीला संस्कृतचा धातू उभा करणे, या कामासाठी ज्यांनी आयुष्याची दोन दशके वेचली ते डॉ. रघुवीर राजधानी दिल्लीत आणि एकेकाळी नागपुरातही सुपरिचित होते. आज त्यांचे नाव प्रामुख्याने अभ्यासकांनाच ठाऊक आहे.

रघुवीर यांचा जन्म ३० डिसेंबर १९०२ रोजी रावळपिंडी येथे झाला. लाहोरला संस्कृतचे उच्च शिक्षण घेतल्यावर ते युरोपात गेले, लंडन विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली आणि पुढे हॉलंडमध्ये डी.लिट. झाले. मायदेशी परतल्यावर लाहोरच्या सनातन धर्म महाविद्यालयात ते संस्कृतचे अध्यापन करू लागले. वैदिक ग्रंथांच्या दुर्मिळ शाखा शोधून त्यांच्या संहिता प्रसिद्ध करणे हा त्यांचा तरुणपणीचा ध्यास होता. कपिष्ठल-कठ संहितेची त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९३२ साली प्रकाशित झाली.

महाराष्ट्राशी त्यांचा संबंध याच काळात जुळला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे महाकार्य हाती घेतले होते आणि डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर त्याचे प्रधान संपादक होते. विराटपर्वाच्या संपादनाची जबाबदारी त्यांनी लाहोरच्या या तरुण पंडिताकडे सोपवली. या पर्वाची एक प्रायोगिक आवृत्ती नारायण बापूजी उटगीकर यांनी १९२३ मध्येच काढली होती. रघुवीर यांनी संपादित केलेला खंड १९३६ साली बाहेर आला. हस्तलिखितामागून हस्तलिखित समोर ठेवून पाठभेद तपासायचे, एका अक्षराच्या फरकाने अर्थ कोठे वळतो ते पाहायचे, हे या कामाचे स्वरूप होते. पुढे कोशरचनेत दिसणारी त्यांची शिस्त येथेच घडली असावी, असे मानण्यास जागा आहे.

लाहोरमध्ये त्यांनी सरस्वती विहार ही संस्था स्थापन केली. भारताबाहेर, म्हणजे तिबेट, मंगोलिया, चीन, इंडोनेशिया या देशांत गेलेल्या भारतीय विद्येचा शोध घेणे हा तिचा एक हेतू होता. दुसरा हेतू परिभाषेचा होता. इंग्रजांचे राज्य संपल्यावर न्यायालये, विद्यापीठे, कचेऱ्या आणि प्रयोगशाळा कोणत्या शब्दांनी चालणार, हा प्रश्न स्वातंत्र्यापूर्वीच त्यांच्यापुढे उभा होता.

शेपटावरून शब्द शोधणे

इंग्रजी शब्दकोश वर्णानुक्रमे लावलेला असतो. त्यामुळे शब्दाचा आरंभ ठाऊक असेल तर तो क्षणात सापडतो, पण शब्दाच्या शेवटी किंवा मध्ये असलेल्या अक्षरसमूहावरून शोध घ्यायचा झाला तर तोच कोश निरुपयोगी ठरतो. जॉन वॉकर या इंग्रज कोशकाराने १७७५ साली शब्दांची मांडणी शेवटच्या अक्षरापासून मागे मागे नेत केली, ती यमके जुळवणाऱ्यांच्या सोयीसाठी. आज संगणकाला अक्षरे सांगितली की ती ज्या ज्या शब्दांत आहेत त्यांची यादी क्षणार्धात समोर येते. रघुवीर यांच्या काळात हे काम पाने उलटून, याद्या करूनच व्हायचे.

त्यांना या शोधाची गरज का पडली हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, रेडियम, युरेनियम या सर्व शब्दांच्या शेवटी इंग्रजीत तीच तीन अक्षरे येतात आणि त्यांचा उच्चार इयम असा होतो. हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने १८०७ आणि १८०८ या दोन वर्षांत सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम अशी काही मूलद्रव्ये वेगळी केली तेव्हा नव्या धातूंना लॅटिन धाटणीचा हा शेवट जोडला गेला. याचा अर्थ, या शब्दांचे शेपूट एक आहे आणि ते धातू असल्याची खूण आहे. मग भारतीय भाषेतही एकच शेपूट का असू नये? रघुवीर यांनी धातु या शब्दातील शेवटचा भाग घेऊन आतु हा प्रत्यय ठरवला. सोडा म्हणजे क्षार, म्हणून सोडियम झाला क्षारातु. पोटॅशियमचे नाव मडक्यातील राखेवरून आले, राख जळण्यातून येते, म्हणून दहातु. कॅल्शियमचे मूळ चुन्यात, म्हणून चूर्णातु.

वायूंसाठी त्यांनी आति हा निराळा प्रत्यय योजला आणि त्याचे कारण मोठे रोचक आहे. हेलियम या नावाच्या शेवटीही तीच तीन इंग्रजी अक्षरे आहेत, पण हेलियम धातू नव्हे. १८६८ सालचे खग्रास सूर्यग्रहण हिंदुस्थानातून दिसले होते. त्या वर्षी सूर्याच्या प्रकाशपटात एक अनोळखी पिवळी रेषा आढळली आणि ती एखाद्या नव्या धातूची असावी अशा समजुतीने नाव ठेवले गेले. पुढे तो वायू निघाला, पण नाव बदलले नाही. जो कोशकार केवळ अक्षरे पाहून भाषांतर करील तो हेलियमला धातूंच्या पंक्तीत बसवून मोकळा होईल. रघुवीर यांनी हेलियमला यानाति आणि आर्गॉनला मंदाति ही वायूंची नावे दिली. पहिल्या नावात विमान-बलूनचा आणि दुसऱ्यात त्या वायूच्या निष्क्रियपणाचा निर्देश आहे.

ऑक्सिजनच्या बाबतीतही तोच विवेक दिसतो. लाव्हाझिएने हे नाव ठेवले ते हा वायू आम्ल निर्माण करतो अशा समजुतीने, आणि ती समजूत पुढे चुकीची ठरली. बंगालीत अम्लजान हा शब्द आला तेव्हा लाव्हाझिएची चूकही भाषांतरित होऊन आली. रघुवीर यांनी आपल्या रसशास्त्रातील जारण या जुन्या क्रियेकडे पाहिले आणि ऑक्सिजनला जारक म्हटले. हायड्रोजन मात्र खरोखरच पाणी निर्माण करतो, म्हणून तेथे उदजन, म्हणजे इंग्रजी घटकांचा सरळ अनुवाद. नायट्रोजन भूयाति झाला, आणि हवेत भूयिष्ठ असलेला वायू असा त्याचा अर्थ लावता येतो. इंग्रजीत तिन्ही नावांचा शेवट एक, संस्कृतात तीन वाटा. टीकाकारांना ही विसंगती वाटली. आमच्या मते ती विसंगती नसून, अक्षरांपेक्षा वस्तूचा स्वभाव महत्त्वाचा मानण्याची त्यांची वृत्ती होती.

अक्षरे सारखी असली की अर्थ सारखा असतो, हा भ्रम इंग्रजीत पावलोपावली फसवतो. कीटकनाशकाला इन्सेक्टिसाइड म्हणतात, आत्महत्येला सुइसाइड. दोन्हींच्या शेवटी जी अक्षरे आहेत तीच निश्चय करणे या अर्थाच्या डिसाइड या शब्दात आहेत, आणि गंमत अशी की तेथेही मूळ लॅटिन धातू कापण्याचाच आहे, कारण निश्चय म्हणजे बाकीचे पर्याय छाटून टाकणे. पण योगायोगाने एकाच वेळी घडणे या अर्थाच्या कोइन्साइडमध्ये तीच अक्षरे असूनही धातू निराळा, पडण्याचा. बायॉलॉजी, जिऑलॉजी ही शास्त्रे खरी, पण त्याच शेवटाची अपॉलॉजी हे कोणतेही शास्त्र नाही, ती क्षमायाचना आहे. तेव्हा यादी करणे ही फक्त पहिली पायरी होती. यादीतील कोणते शब्द सख्खे आणि कोणते केवळ नावाचे, हे ठरवण्यासाठी ग्रीक-लॅटिनचे ज्ञान लागायचे.

संस्कृतच्या बाजूने त्यांचा हिशेब असा होता. सुमारे ५०० धातू, २० उपसर्ग आणि ८० प्रत्यय हाताशी आहेत. प्रत्येक धातूला प्रत्येक प्रत्यय लावला तरी ४०,००० रूपे होतात, त्यांना एकेक उपसर्ग जोडत गेले तर ८ लाख. दोन-दोन उपसर्ग जोडले तर संख्या कोटीच्या घरात पोहोचते. अर्थात या सर्व रूपांना अर्थ असेलच असे नाही, पण शब्दांचा तुटवडा पडेल ही भीती त्यांना निराधार वाटत होती. धा या एका धातूला वि हा उपसर्ग लावून विधि, विधान, विधायक, विधेयक, विधायी, वैध, अवैध, सांविधिक अशी जी मालिका तयार होते, ती त्यांच्या पद्धतीचा सर्वांत यशस्वी नमुना ठरली.

या पद्धतीला पूर्वज होते. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध केला तेव्हा फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते. महाराज सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाने १९३१ साली शासनशब्दकल्पतरू हा बहुभाषी कोश काढला. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीने मराठीला महापौर, दूरध्वनी यांसारखे शब्द दिले. पण रघुवीर यांच्यासमोर आणखी एक नमुना होता, आणि तो हिमालयापलीकडचा. नवव्या शतकात तिबेटी भाषांतरकारांनी संस्कृत बौद्ध ग्रंथांसाठी महाव्युत्पत्ती नावाचा कोश रचला. त्यांनी संस्कृतच्या जवळजवळ प्रत्येक उपसर्गाला एक ठरावीक तिबेटी प्रतिशब्द नेमून दिला होता. त्यामुळे आज मूळ संस्कृत पोथी हरवली असली तरी तिबेटी भाषांतरावरून ती बऱ्याच अंशी पुन्हा रचता येते. एक भाषा दुसरीत पूर्णपणे, तुकड्यागणिक, उतरवता येते याचा हा हजार वर्षांपूर्वीचा पुरावा रघुवीर यांच्या अभ्यासाच्या टेबलावर होता.

नागपूर आणि संविधान सभा

फाळणीची चाहूल लागताच १९४६ मध्ये रघुवीर यांनी सरस्वती विहार लाहोरहून नागपुरास हलवले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांचा त्यांना पाठिंबा होता. प्रांत द्विभाषिक होता आणि हिंदीबरोबर मराठीलाही तेथे राजभाषेचे स्थान मिळाले. तेथे सिद्ध होणारी परिभाषा त्यामुळे केवळ हिंदीची नव्हती. नागपुरातील मराठी विद्यार्थ्यांच्या पाठ्यपुस्तकांतही तिचा शिरकाव झाला. मुळात रघुवीर यांची कल्पनाच अखिल भारतीय होती. आपल्या आरंभीच्या कोशांत त्यांनी तेच शब्द देवनागरीखेरीज अन्य भारतीय लिप्यांतही छापले होते. तमिळ, कन्नड, बंगाली, मराठी कोणत्याही भाषकाला संस्कृत शब्द परका वाटणार नाही, हे त्यांचे गृहीतक होते. ते सर्वांना मान्य झाले नाही.

मध्य प्रांतातून ते संविधान सभेवर गेले आणि दिल्लीच्या कौन्सिल हाऊसमधील भाषाविषयक चर्चेत हिंदीचा पक्ष त्यांनी हिरिरीने मांडला. १४ सप्टेंबर १९४९ रोजी देवनागरीतील हिंदीला संघराज्याच्या राजभाषेचे स्थान मिळाले, आणि पुढे अनुच्छेद ३५१ मध्ये हिंदीने आपली शब्दसंपदा मुख्यतः संस्कृतातून घ्यावी असे नमूद झाले. संविधानाच्या हिंदी भाषांतराचे काम घनश्यामसिंह गुप्त यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पार पाडले, आणि २४ जानेवारी १९५० रोजी इंग्रजी प्रतीबरोबर हिंदी प्रतीवरही सदस्यांनी स्वाक्षऱ्या केल्या. रघुवीर त्या प्रयत्नात प्रारंभापासून गुंतलेले होते. पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांना मात्र ही संस्कृतप्रचुर हिंदी पचनी पडली नाही आणि आपली नापसंती त्यांनी लपवलीही नाही.

नागपुरातूनच १९५० मध्ये पारिभाषिक शब्दांचा एकत्रित महाकोश आणि १९५५ मध्ये शासकीय व शैक्षणिक शब्दांचा बृहत् इंग्रजी-हिंदी कोश बाहेर पडला. त्यांनी घडवलेल्या शब्दांची संख्या दीड लाखांच्या आसपास सांगितली जाते.

थट्टाही तेवढीच झाली. रेल्वेला लोहपथगामिनी, गळ्यातील टायला कंठलंगोट असे गमतीने रचलेले शब्द त्यांच्या नावावर खपवले गेले, आणि आजही दिल्लीच्या गप्पांच्या मैफलीत ते रघुवीरी हिंदी म्हणून सांगितले जातात. खरा आक्षेप थट्टेपेक्षा गंभीर होता. शाळेत प्रांगार आणि भूयाति शिकलेला मुलगा महाविद्यालयात कार्बन आणि नायट्रोजन समोर आले की गांगरणार, आणि परदेशी नियतकालिक उघडले की त्याची पाटी कोरी. कार्बन डायऑक्साइडला प्रांगार द्विजारेय म्हणणे तर्काला धरून होते, त्यातला प्रत्येक घटक जागच्या जागी होता, पण तो शब्द उच्चारणारे कोणी बाजारात, कारखान्यात वा प्रयोगशाळेत नव्हते. विधि आणि विधान हे शब्द धर्मकार्याच्या निमित्ताने घराघरांत आधीच वावरत होते, म्हणून त्यांचे नवे नातेवाईक लोकांनी सहज सामावून घेतले. जारकाला असे घर नव्हते. मराठीत तर प्राणवायू हा सुटसुटीत शब्द होताच, आणि तोही संस्कृतच.

दिल्लीतील वर्षे

१९५२ मध्ये रघुवीर राज्यसभेवर निवडून आले. पुढे १९५६ मध्ये, राज्य पुनर्रचनेच्या वर्षी, त्यांनी संस्थाही दिल्लीस नेली. हौज खास भागात तिची वास्तू उभी राहिली आणि भारतीय संस्कृतीची आंतरराष्ट्रीय अकादमी या नावाने ती ओळखली जाऊ लागली. तिचा दर्शनी भाग शब्दकोशांचा नव्हता. तेथे आशियाभरातून आणलेल्या पोथ्या, चित्रपट आणि मूर्ती होत्या. १९५५ साली रघुवीर यांनी चीनचा दीर्घ प्रवास केला होता आणि मंगोलियालाही ते जाऊन आले होते. तेथून आणलेल्या सामग्रीच्या आधारे शतपिटक ही ग्रंथमाला आकारास आली. त्यांचे पुत्र डॉ. लोकेश चंद्र यांचा तिबेटी-संस्कृत कोश याच मालिकेत निघू लागला.

परिभाषेच्या क्षेत्रात मात्र दिल्लीचे वारे त्यांच्या विरुद्ध दिशेने वाहू लागले होते. केंद्र सरकारने १ ऑक्टोबर १९६१ रोजी वैज्ञानिक आणि तांत्रिक शब्दावली आयोग स्थापन केला. भौतिकशास्त्रज्ञ डॉ. दौलतसिंह कोठारी त्याचे पहिले अध्यक्ष झाले. मूलद्रव्ये आणि संयुगे यांची आंतरराष्ट्रीय नावे तशीच ठेवून ती देवनागरीत लिहावीत, हे तत्त्व या आयोगाने स्वीकारले. क्षारातु, दहातु, भूयाति यांचा शासकीय प्रवास तेथे थांबला. संकल्पनावाचक आणि प्रशासकीय शब्दांत मात्र संस्कृत धातूंचा आधार कायम राहिला. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर भाषा संचालनालयाने मराठी परिभाषा सिद्ध करताना साधारणपणे हाच मार्ग पत्करला. कचेरीतले शब्द बरेचसे संस्कृतातून आले आणि प्रयोगशाळेतले मूलद्रव्य बहुधा सोडियमच राहिले.

या सुमारास रघुवीर यांचे मन कोशातून निघून सीमेकडे लागले होते. चिनी भाषा, चिनी बौद्ध परंपरा आणि चिनी भूमी यांच्याशी त्यांच्याइतका परिचय असलेले भारतीय त्या काळी मोजकेच होते. त्यामुळेच चीनविषयक सरकारी धोरण त्यांना धोक्याचे वाटू लागले. मतभेद विकोपास गेल्यावर त्यांनी काँग्रेस सोडली आणि ते भारतीय जनसंघात दाखल झाले. १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात युद्ध झाले आणि डिसेंबरात जनसंघाने त्यांना पक्षाध्यक्ष निवडले. आयुष्यभर पोथ्यांत रमलेला हा विद्वान वयाच्या साठीत गावोगावच्या सभांतून फिरू लागला.

अध्यक्षपद त्यांच्या वाट्याला जेमतेम पाच महिने आले. १४ मे १९६३ रोजी उत्तर प्रदेशात प्रचारदौऱ्यावर असताना कानपूरजवळ त्यांच्या मोटारीला अपघात झाला आणि त्यात त्यांचे निधन झाले. हौज खासच्या अकादमीची धुरा लोकेश चंद्र यांनी खांद्यावर घेतली. शतपिटक मालेत पुढे शेकडो खंड प्रकाशित झाले आणि नागपुरात छापलेला बृहत् इंग्रजी-हिंदी कोश दिल्लीतून पुन्हा छापला गेला.